सगळ्यांत लहान कुत्र्याच्या मापाची शर्यत



आपल्या शहरालगतच्या साताऱ्यात खंडोबाचं देऊळ आहे. खंडोबाचं रूप सगळ्यांना ठाऊक आहे. देव घोड्यावर, आणि सोबतीला कुत्रा. तिथं आपण हात जोडतो, आणि घरी आलो की दारातल्या कुत्र्याला 'हाड' म्हणून हाकलतो. आज त्याच्याच धावण्याचा इतिहास सांगते.

मराठवाड्यातला कारवानी कुत्रा तुम्ही पाहिला असेल. उंच पाय, बारीक कंबर, लांबोडकं तोंड. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. अशा काफिल्यांबरोबर हा कुत्रा दख्खनेत आला, असं सांगतात. राखण करायची आणि सशामागे धावायचं, ही त्याची कामं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकार हा गुन्हा ठरला. ससा वाचला हे चांगलंच झालं. पण धावण्यासाठी घडलेल्या कुत्र्याचं काम गेलं.

मग त्याला पळवायचं कशामागे? इंग्लंडात 1926 साली मँचेस्टरला यंत्रावरच्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड कुत्री पळवायला सुरुवात झाली. त्या शर्यतीत पैजा लागल्या. पैज आली की कुत्रा हरला तर नकोसा होतो.

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कुत्र्यांना शिकवणाऱ्या लोकांनी वेगळाच खेळ काढला. त्याचं नाव फ्लायबॉल. यात एका संघात चार कुत्री असतात. ओळीनं चार बुटके अडथळे आणि 51 फुटांवर एक पेटी. कुत्रा अडथळे ओलांडत जातो, पेटीवर पाय मारतो, तसा चेंडू उडतो. तो तोंडात धरून कुत्रा परत येतो, की दुसरा सुटतो. जगातले सर्वोत्तम संघ चौघांचं धावणं 15 सेकंदांच्या आत संपवतात.

यातला एक नियम मला फार आवडतो. अडथळ्यांची उंची संघातल्या सगळ्यांत लहान कुत्र्याच्या मापानं ठरते. त्यामुळे बुटका कुत्रा संघाला ओझं होत नाही. उलट तो असला की सगळ्यांच्या उड्या सोप्या होतात. आपल्या बचत गटात हप्ता कसा ठरवतो? जिला सगळ्यांत कमी झेपतं, तिच्याकडे बघूनच ना? म्हणूनच गट टिकतो.

हा खेळ पोरांना आपल्या अंगणात सुरू करता येईल. त्याला जातिवंत कुत्रा लागत नाही, आपला गावठी चालतो. आधी हाक मारली की परत यायला शिकवा. आला की भाकरीचा तुकडा द्या, मारू मात्र नका. मग टेनिसचा चेंडू आणायला शिकवा. ते जमलं की दोन विटांवर हलकी काठी ठेवा, धक्का लागताच पडेल अशी. पेटी नसली तरी चालेल, चेंडू जमिनीवर ठेवा. जागा मऊ मातीची हवी, वेळ सकाळची, आणि पोट भरलेलं नसावं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला उड्या मारायला लावू नका, त्याची हाडं कच्ची असतात.

आणि सगळ्यांत आधी गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या. अनोळखी कुत्र्याच्या जवळ पोरांना जाऊ देऊ नका. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

ज्या पोरानं महिनाभर कुत्र्याला चेंडू आणायला शिकवलं, त्याचा हात पुन्हा दगडाकडे जात नाही. दारातल्या त्या मुक्या जिवाला तेवढं मिळालं, तरी खूप झालं.