गाडीची बॅटरी नक्की कशासाठी असते? तंबूतून निघालेला एक संशोधनप्रश्न

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं भंडारदऱ्याला तंबू ठोकून राहिलो होतो. गाडीच्या सॉकेटला छोटा फ्रिज, इन्व्हर्टरवर दिव्यांची माळ आणि जोडीला चार फोन. रात्री सगळं झकास चाललं. सकाळी सहाला चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. शेवटी धक्का मारून गाडी सुरू केली आणि परत आलो.

येताना गणित मांडलं. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. फ्रिज थांबून थांबून चालतो, म्हणून सरासरी अडीच अँपिअर धरा. दिवे आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मिळून दोन, फोनचा अर्धा. एकूण पाच. रात्री नऊ ते सकाळी सहा म्हणजे नऊ तास. पाच नव्वे पंचेचाळीस! आम्ही कागदावरची सगळी बॅटरी पिऊन टाकली होती. शिवाय जुन्या बॅटरीत कागदावरचा आकडा शिल्लकच नसतो.

गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देऊन स्टार्टर फिरवायचा आणि इंजिनाने लगेच भरून काढायचं, हे तिचं काम. ती पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केली तर पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिचं आयुष्य घटतं. म्हणून जाणकार सांगतात की निम्म्याखाली जाऊ नका, नाहीतर वेगळी डीप-सायकल बॅटरी न्या.

पण मग माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. जी बॅटरी या कामासाठी बनलेलीच नाही, तिच्यावर हे काम करायची कल्पना आली कुठून? तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा प्रश्न माझ्याबरोबर थोडा उलगडून बघा. यात मी जी चूक केली, ती पीएचडीच्या पहिल्या वर्षात जवळपास सगळेच करतात.

माझी पहिली मांडणी सरळ रेषेत होती. गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लेड-ॲसिड बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोरने पट्ट्यांवर लेप देऊन ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला, हँडल मारणं संपलं आणि बॅटरी गाडीचा कायमचा भाग झाली. पुढे सिगारेट लायटर आला, लोकांनी त्याच्या खोबणीत इतर उपकरणं खुपसली आणि कॅम्पिंगवाल्यांची सोय झाली. म्हणजे आधी शोध, मग उत्पादन, मग वापर. छान, गुळगुळीत गोष्ट.

गोष्ट फारच गुळगुळीत वाटली की थांबायचं, हा माझा पहिला सल्ला.

पुराव्यासाठी मी आधी एक प्रसिद्ध प्रसंग धरला. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र १९१० च्या दशकात मोटारी घेऊन रानात तळ ठोकायला जायचे. स्वतःला ते 'व्हॅगाबाँड्स' म्हणजे भटके म्हणवत. बरोज १९२१ मध्ये वारले, बाकीच्यांच्या सहली १९२४ पर्यंत चालल्या. त्यांच्या तळावर एडिसनच्या बॅटऱ्यांवर विजेचे दिवे लागत. मला वाटलं, सापडलं मूळ!

आता या पुराव्याला उलटतपासणीचे प्रश्न विचारू. सोबत कोण होतं? स्वयंपाकी, नोकर आणि सामानाचे ट्रक. फोटो कोण काढत होतं? वार्ताहर आणि फोर्डच्या कंपनीचे चित्रीकरण करणारे लोक. म्हणजे एक बॅटरी विकणारा, एक गाडी विकणारा आणि एक टायर विकणारा रानात बसलेत, आणि त्याची बातमी होते आहे. हा पुरावा खोटा नाही, पण तो जाहिरातीच्या फार जवळचा आहे. सामान्य माणूस तंबूत काय करत होता, हे त्यातून कळत नाही. पुरावा खरा असणं आणि तो *आपल्या प्रश्नाचा* पुरावा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सामान्य माणूस शोधायचा कुठे? मला तो तंबूत नाही, शेतात सापडला.

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा एक लेख 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकात आहे. विषय आहे ग्रामीण अमेरिकेतली मोटार. तिथले शेतकरी फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं मागचं चाक उचलून धरायचे, त्याला पट्टा लावायचे आणि कपडे धुण्याचं यंत्र किंवा लाकूड कापायची करवत चालवायचे. गाडी म्हणजे चाकांवरचं इंजिनघर, हा अर्थ कारखान्याने दिलेला नव्हता, वापरणाऱ्यांनी लावलेला होता. समाजशास्त्रात याला अर्थाची लवचीकता म्हणतात. एकच वस्तू वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळी असते.

१९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या साधारण दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. पण रेडिओ हवा होता. म्हणून सहा व्होल्टच्या, म्हणजे तेव्हाच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारे रेडिओ निघाले. ती बॅटरी भरायला छपरावर छोट्या पवनचक्क्याही आल्या. म्हणजे बॅटरीला गाडीबाहेर कामाला लावणं ही कॅम्पिंगची हौस नव्हती, घरची गरज होती. सरकारी ग्रामीण विद्युतीकरण १९३५ पासून सुरू झालं, तारा पोचल्या आणि ही गरज ओसरली.

इथे माझी सरळ रेष मोडली. वापर शेवटी आला नव्हता, तो मध्येच येऊन वस्तूला वळण देत होता.

सहलीची गाडी मात्र वेगळ्या कारणांनी सोयीची झाली. १९५० च्या दशकात जास्त दाबाची मोठी इंजिनं आली, त्यांना जोरदार स्टार्टर हवा होता, म्हणून अमेरिकी गाड्या सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह लागतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला, जो इंजिन मंद चालू असतानाही डायनामोपेक्षा चांगला चार्ज करतो. यातलं काहीही तंबूवाल्यांसाठी केलेलं नव्हतं, पण फायदा त्यांनाही झाला. आणि लायटरची खोबणी? ती होती तापवलेली तार सिगारेटला लावण्यासाठी. नव्या गाड्यांतून लायटर गेला, खोबणी राहिली. भाडेकरू गेला, पण दारावरची पाटी तशीच.

आता माझ्या प्रश्नाचं काय झालं बघा. 'गाडीच्या बॅटरीवर उपकरणं चालवण्याचा शोध कोणी लावला?' असा तो सुरू झाला होता. त्याला उत्तर नाही, कारण शोधणारा असा कोणी एक नाहीच. नवा प्रश्न असा झाला: 'वीज नसलेल्या ठिकाणी लोकांनी गाडीकडे काय म्हणून पाहिलं, आणि त्या पाहण्याचा वस्तूवर काय परिणाम झाला?' यावर काम करता येतं. पेटंट आणि कंपन्यांची माहितीपत्रकं सांगतात की वस्तू कशासाठी *बनली*. शेतकी मासिकं, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि आठवणी सांगतात की तिचं काय *केलं गेलं*. दोन्ही टोकं हातात हवीत.

यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. आई सांगते, आजोळी रविवारी सकाळी वीज गेली की मामा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे, बारा व्होल्टवर चालणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचे आणि अख्खी आळी अंगणात बसायची. दुपारी ट्रॅक्टर सुरू होईल ना, ही धाकधूक आजोबांना. मी हे ऐकून चांगली पंचवीस वर्षं झाली, पण ते इतिहासाचं साधन आहे हे भंडारदऱ्याला गाडी ढकलताना कळलं.

मामा आता थकलेत. हे कुठल्याही कंपनीच्या दप्तरात नाही, ते फक्त त्यांच्या आठवणीत आहे. म्हणून येत्या सुट्टीत मी रेकॉर्डर घेऊन आजोळी जातोय. तुमच्या घरातही असा कोणीतरी असेल. विषय ठरेपर्यंत थांबू नका, आधी जाऊन विचारा.

आणि हो, तंबूत राहणार असाल तर फ्रिज रात्री बंद ठेवा. धक्का मारायला चार माणसं लागतात.