राळेचा चिकटा

परवा वाघोलीहून मुंढव्याकडे जाताना मामांची आठवण आली. मुंढव्याच्या नदीकाठी डेक्कन पेपर मिल्सची कागद गिरणी होती, कंपनी १८८५ सालची. मामा मात्र दुसरीकडे, एका लहान गिरणीत कागदयंत्रावर होते. नाव नको.

आपल्या जुन्नरचे कागदी लोक हातकागदाला खळ लावून तो घोटायचे, म्हणजे शाई फुटत नसे. गिरणीच्या वेगाला हे परवडणारं नव्हतं. जर्मनीतल्या मोरिट्झ इलिग यांनी १८०७ साली यावर तोड प्रसिद्ध केली: राळ सोड्यात शिजवून तिचा साबण करायचा, तो लगद्यात मिसळायचा आणि वर तुरटी टाकायची. राळ तंतूंवर बसते, कागद पाणी धरत नाही. शंभर किलो लगद्याला राळ लागते जेमतेम एक-दोन किलो. हिमालयातल्या चीड झाडांना चिरा देऊन डीक गोळा करतात, त्यातलं टर्पेंटाइन उडवलं की मागे उरते ती राळ.

खरी मेख इथेच आहे. डिकाबरोबर साल, चिडाच्या सुया, माती येते. नीट गाळली नाही तर ती राळेतच राहते. शिवाय चांगल्या राळेतही साधारण दहावा हिस्सा असा असतो की सोड्याने त्याचा साबण होतच नाही. हलक्या राळेत तो जास्त. हा तेलकट भाग लगद्यात सुटा फिरतो. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियमही राळेला धरून चिकट गोळे करतं. मग जाळीची भोकं बुजतात, फेल्ट माखतं, ओला कागद रोलला चिकटून फाटतो. जो फाटत नाही त्यावर तपकिरी ठिपके.

मामांच्या पाळीत कागद सारखा तुटायला लागला. "लक्ष नसतं तुमचं," म्हणून पगार कापला. मामा रात्री रॉकेलच्या बोळ्याने रोल पुसत बसायचे. पुढे कळलं, त्या महिन्यात स्वस्तातली काळपट राळ आली होती. राळ बदलली, कागद तुटायचा थांबला. कापलेला पगार काही परत आला नाही.

मामा एवढंच म्हणायचे, "अरे, घाण पिंपात होती, ती दिसली माझ्या हाताला."

असो. घरातल्या जुन्या वहीवर असा एखादा तपकिरी ठिपका दिसला की मी आता तो खरवडत नाही.