नाण्यांवरील ग्रीक देवता आणि राजाचा धर्म : इंडो-ग्रीक व कुषाण नाण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
बॅक्ट्रिया व वायव्य भारत येथील ग्रीक राजवटींचा इतिहास मुख्यत्वे नाण्यांच्या आधारे उभा राहिला आहे. कित्येक इंडो-ग्रीक राजांची नावे तर केवळ नाण्यांमुळेच ज्ञात झाली. साहजिकच नाण्यांवरील देवतांवरून राजाचा धर्म ठरविण्याची प्रथा पडली. झ्यूस दिसला की राजा झ्यूसचा उपासक, शिव दिसला की शैव, असे समीकरण अध्यापनातही सहजपणे मांडले जाते. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

देवता आणि राजसत्ता :
अलेक्झांडरच्या (इ. स. पू. ३३६-३२३) चांदीच्या नाण्यांवर दर्शनी बाजूस सिंहचर्म ल्यालेल्या हेराक्लीझचे मस्तक, तर मागील बाजूस हाती गरुड घेतलेला, सिंहासनावर बसलेला झ्यूस आढळतो. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लीझचे वंशज म्हणवीत असे, हे लक्षात घेता ही प्रतिमा राज्याधिकाराची घोषणाच ठरते. बॅक्ट्रियातही हीच परंपरा दिसते. डायोडोटसच्या नाण्यांवर वज्र फेकणारा झ्यूस आहे. त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या युथिडेमसने बसलेला हेराक्लीझ, तर पुढे युक्रेटाइडीझने डायोस्कुरी हे अश्वारूढ जुळे देव स्वीकारले. घराणे बदलले की देवता बदलते. अर्थात, देवता येथे घराण्याची ओळख म्हणून वावरते.

मिनँडरच्या नाण्यांवर वज्र व ढाल धारण केलेली अथीना आहे. त्यांवरील ग्रीक लेखातील 'सोटर' हे बिरुद खरोष्ठी लेखात 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असे प्राकृतात उतरले आहे. 'सोटर' म्हणजे त्राता. बिरुदाचे भाषांतर झाले. प्रतिमा मात्र ग्रीकच राहिली. याच मिनँडरला बौद्ध परंपरा 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातून जिज्ञासू राजा म्हणून ओळखते. केवळ अथीनेवरून त्याचा धर्म ठरविल्यास या परंपरेची संगती लावता येणार नाही.

एक राजा, दोन परंपरा :
या दृष्टीने अगाथोक्लीझची नाणी विशेष उद्बोधक आहेत. त्याच्या ग्रीक पद्धतीच्या गोल रौप्य नाण्यांवर झ्यूस आहे. परंतु १९७० मध्ये अफगाणिस्तानातील ऐ-खानुम येथील उत्खननात त्याची सहा चौकोनी रौप्य नाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूस नांगरधारी संकर्षण, तर दुसऱ्या बाजूस चक्रधारी वासुदेव असून लेख ग्रीक व ब्राह्मी अशा दोन लिपींत आहेत. आकार भारतीय आहत नाण्यांचा, देवताही भारतीय. एकाच राजाने दोन निरनिराळ्या चलनपरंपरांसाठी दोन निरनिराळ्या देवता निवडल्या. तेव्हा त्याला झ्यूसभक्त म्हणावे की भागवत, हा प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर आधारलेला ठरतो.

याउलट उदाहरण विदिशेजवळील बेसनगरच्या गरुडस्तंभाचे. तेथील लेखात तक्षशिलेचा रहिवासी हेलिओडोरस हा स्वतःला 'भागवत' म्हणवितो. तो ज्या अंतलिकित राजाचा दूत होता, त्याच्या नाण्यांवर मात्र सिंहासनस्थ झ्यूस आहे. व्यक्तीची श्रद्धा तिच्या स्वतःच्या दानलेखात स्पष्ट उमटते. राजाच्या नाण्यावर उमटते ती राजसत्ता.

कुषाणकालीन स्थित्यंतर :
कनिष्काच्या (राज्यारोहण इ. स. १२७ च्या सुमारास) आरंभीच्या नाण्यांवर ग्रीक भाषेत हेलिऑस, सेलीनी अशी देवतानामे आहेत. पुढे लिपी ग्रीकच ठेवून भाषा बॅक्ट्रियन झाली; हेलिऑसच्या जागी 'मिइरो' व सेलीनीच्या जागी 'माओ' ही नावे आली. सूर्यदेवाच्या मस्तकाभोवतीची किरणे मात्र तशीच राहिली. मूर्तीवरून 'ग्रीक प्रभाव' सांगावा, तर नाव इराणी आहे. नावावरून सांगावे, तर लिपी ग्रीक आहे. १९९३ मध्ये सापडलेल्या रबाटक शिलालेखात कनिष्काला नाना व सर्व देवांकडून राज्य प्राप्त झाल्याचे म्हटले आहे. त्याच्या नाण्यांवरील बहुविध देवतामंडळ, ज्यात ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे नाव असलेला बुद्धही आहे, या विधानाच्या प्रकाशात अधिक सुसंगत वाटते. हे देव राज्य देणारे आहेत.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून नाणी धर्मेतिहासाचे साधनच नव्हेत, असा अर्थ काढणे उचित होणार नाही. एखादी देवता कोणत्या प्रदेशात, कोणत्या नावाने व कोणत्या समाजाला परिचित होती, हे नाणी निश्चितपणे सांगतात. राजाच्या वैयक्तिक श्रद्धेविषयी बोलावयाचे असेल, तर मात्र प्रतिमेला मुद्रालेख, शिलालेख व साहित्य यांची जोड मिळणे आवश्यक आहे. मिश्र संस्कृतीच्या या कालखंडाला एकेका धर्माच्या चौकटीत बसविण्याचा मोह टाळला, तरच ही नाणी आपल्या विद्यार्थ्यांना त्या काळाचे खरे स्वरूप दाखवू शकतील.