प्रोसिजर परत काय देते, देव जाणे!

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या पोटात ठेवलेलं तयार काम. नाव घ्या, पॅरामीटर द्या, उत्तर हजर. सायबेसने १९८७ मध्ये ही सोय बाजारात आणली. त्यांच्याच एसक्यूएल सर्व्हरची ओएस/२ वरची आवृत्ती १९८९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणली. मग पुढची पंधरा-वीस वर्षं मंडळींनी व्याज, पगार, स्टॉक सगळं त्यात कोंबलं.

नंतर आलं ओआरएम, म्हणजे टेबलाला क्लासचं रूप देणारं प्रकरण. नोव्हेंबर २००७ मधल्या 'लिंक टू एसक्यूएल'मध्ये प्रोसिजर माउसने ओढून आणायची, की झाली मेथड. एसक्यूएलमेटल नावाचं कमांड लाइनचं टूल तर सगळ्या एका दमात आणायचं. ऑगस्ट २००८ मध्ये थोरला भाऊ एंटिटी फ्रेमवर्क आला आणि तिथे मात्र पाऊल मागे! टेबलं सगळी एकदम, पण प्रोसिजर एकेक करून 'फंक्शन इम्पोर्ट' करायची. पाचशे असतील तर पाचशे वेळा. घाऊक सोय मिळाली ती व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला चार वर्षं? थोडा आळस असेलही, पण खरी गोम वेगळीच आहे. टेबलाचे कॉलम डेटाबेसच्या वहीत लिहिलेले असतात. प्रोसिजरचे पॅरामीटरही असतात. पण ती परत काय देणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं. एका इफमध्ये तीन कॉलम, दुसऱ्यात सात. मग क्लास बनवायचा कसा?

यावर तोडगा होता 'सेट एफएमटीओन्ली ऑन'. हे लावलं की सर्व्हर प्रोसिजर लुटुपुटूची चालवतो: डेटाला हात लावत नाही, फक्त कॉलम सांगतो. अटीही तपासत नाही, प्रत्येक फांदीत शिरतो. पण लुटुपुटूच्या खेळात टेम्प टेबल बनतच नाही, आणि पुढच्या ओळीत ते मागितलं की एरर.

म्हणून लोकांनी प्रोसिजरच्या डोक्यावर 'सेट एफएमटीओन्ली ऑफ' लिहायला सुरुवात केली. चाललं की! फक्त आता इम्पोर्ट करताना प्रोसिजर खरीखुरी चालायची. ती महिनाअखेरचं व्याज खात्यांत टाकणारी असेल तर? कल्पना करा...

दुसरा जुगाड मला फार आवडतो. सुरुवातीलाच 'जर १ = ० असेल तर' असं लिहून आत हव्या त्या कॉलमांचं खोटं सिलेक्ट ठेवायचं. खऱ्या धावेत तिथे कोणी जाणारच नाही, लुटुपुटूच्या धावेत टूल नेमकं तेच वाचणार.

एसक्यूएल सर्व्हर २०१२ मध्ये प्रोसिजर न चालवता, तिचा कोड वाचून कॉलम सांगणारी नवी सोय आली. टेम्प टेबलापुढे तिनेही हात टेकले. आणि ज्यांचे कॉलम कळले नाहीत त्यांच्या मेथड घाऊक इम्पोर्टमध्ये नुसता इंट परत देणाऱ्या बनायच्या. दोनशे मेथड दोन मिनिटांत आल्या म्हणून खूश व्हावं, तर त्यातल्या कितींकडून खरंच डेटा येतोय ते एकेक उघडूनच कळणार. म्हणजे श्रम वाचले कुठे?

२०१६ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क कोअर आलं, त्यात तो चित्रातला डिझायनरच काढून टाकला.

असो. जुन्या प्रोसिजरमध्ये तो 'जर १ = ०' कधी दिसला, तर मेलेला कोड म्हणून पुसायच्या आधी कुठलं टूल अजून तो वाचतंय ते बघा :)