पदवीनंतरची अकरा वर्षे : एलेन स्वॉलो रिचर्ड्स आणि आरोग्य-रसायनाचा व्यवसाय

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासग्रंथांतून साथींची, कायद्यांची व जलयोजनांची हकीकत विस्ताराने दिलेली असते. पाणी, हवा आणि सांडपाणी यांची परीक्षा करणारी माणसे विद्यापीठातून बाहेर पडून त्या व्यवसायात कशी शिरली, याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा व्यवसाय अद्याप आकारास यावयाचा होता. त्याचा अभ्यासक्रम ठरलेला नव्हता, आणि पदेही निर्माण झालेली नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यात तो कसा उभा राहिला, हे एलेन स्वॉलो रिचर्ड्स यांच्या कार्याच्या आरंभकाळावरून चांगले कळून येते.

एलेन स्वॉलो यांचा जन्म 1842 साली याच राज्यातील डन्स्टेबल गावी झाला. 1870 मध्ये व्हासर महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर रसायनतज्ज्ञांच्या हाताखाली काम मिळविण्याचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून प्रवेश दिला. शुल्क माफ केले गेले ते आपल्या बेताच्या स्थितीमुळे, अशी त्यांची समजूत होती. कोणी आक्षेप घेतल्यास ही स्त्री संस्थेची विद्यार्थिनी नाही, असे सांगता यावे हा त्यामागील हेतू त्यांना पुढे कळला. 1873 साली त्या संस्थेच्या पदवीधर झाल्या. तेथे पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. डॉक्टरेट मात्र त्या संस्थेने त्यांना कधीच दिली नाही.

राज्याचे आरोग्यमंडळ 1869 मध्ये स्थापन झाले होते. नद्यांच्या काठी गिरण्या आणि वस्ती वाढत होती, आणि ज्या प्रवाहात एका गावाचे सांडपाणी पडे त्याच प्रवाहातून खालच्या गावाला पाणी घ्यावे लागे. 1872 मध्ये मंडळाने पाण्याच्या पृथक्करणाचे काम प्राध्यापक विल्यम रिप्ली निकल्स यांच्याकडे सोपविले. त्यांपैकी बहुतेक प्रत्यक्ष पृथक्करण एलेन स्वॉलो यांनी केले आणि निकल्स यांनी अहवालात त्याची मोकळेपणाने नोंदही केली. विषमज्वराचा जंतू त्या वेळी ओळखला गेला नव्हता. त्यामुळे पाणी निर्दोष आहे की नाही, याविषयीच्या निर्णयाचा मुख्य भार रसायनशास्त्रावरच होता.

पुढील दहा वर्षांत त्यांच्या हाती काम आले, वेतन मात्र आले नाही. 1875 मध्ये खनिशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1876 मध्ये तंत्रसंस्थेत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उघडली. तेथे त्यांनी विनावेतन अध्यापन केले आणि पदरचे पैसेही घातले. 1883 मध्ये स्त्रियांना संस्थेच्या सामान्य वर्गांत प्रवेश मिळू लागला आणि ती प्रयोगशाळा बंद झाली. ज्या हेतूने ती काढली तो साधला होता. तिच्या संचालिकेचे स्थान मात्र तिच्याबरोबर संपुष्टात आले. 1884 मध्ये नव्या आरोग्य-रसायन प्रयोगशाळेत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पदवीपासून या पदापर्यंत अकरा वर्षे लोटली होती.

या दीर्घ उमेदवारीचे फळ 1887 मध्ये दिसून आले. आदल्या वर्षी राज्याने अंतर्गत जलाशयांच्या शुद्धतेच्या रक्षणाचा कायदा केला होता. त्यानुसार सर्व राज्यातील पाण्याची पाहणी सुरू झाली. देखरेख प्राध्यापक टॉमस ड्राउन यांची होती, आणि प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाची जबाबदारी रिचर्ड्स यांची. सुमारे दोन वर्षांत हजारो नमुने तपासले गेले.

त्यातून निघालेला प्रमुख निष्कर्ष क्लोराइडविषयीचा होता. माणसाच्या मलमूत्राबरोबर मीठ सांडपाण्यात जाते. त्यातील अमोनियाचे यथाकाल नायट्रेटमध्ये रूपांतर होते. क्लोराइड मात्र जमिनीत अडकत नाही आणि कुजतही नाही. म्हणून ते पूर्वीच्या दूषिततेचा साक्षीदार ठरते. परंतु समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबरही मीठ येते, आणि किनाऱ्यालगतच्या अगदी निर्मळ तळ्यातसुद्धा ते आढळते. तेव्हा नुसत्या आकड्यावरून निर्णय कसा करावा? अदूषित पाण्यातील क्लोराइडचे आकडे नकाशावर मांडले असता समान प्रमाणाच्या रेषा साधारणपणे किनाऱ्याला समांतर जात असून देशाच्या आतील भागाकडे ते प्रमाण कमी होत जाते, असे दिसून आले. प्रत्येक ठिकाणाचे स्वाभाविक प्रमाण त्यामुळे निश्चित झाले, आणि त्याहून जे अधिक ते मनुष्यवस्तीचे, असे म्हणता येऊ लागले. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकीत लालसर छटा केव्हा येते ते पाहणे, ही कृती साधी आणि कंटाळवाणी. परंतु ती हजारो वेळा सारख्याच काटेकोरपणे झाली नसती, तर त्या नकाशावर विश्वास ठेवण्यास काहीच आधार राहिला नसता.

नव्या पदवीधरांना हा मार्ग बराच सुकर झाला. 1890 च्या सुमारास तंत्रसंस्थेत आरोग्य-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यात पाणी, हवा व सांडपाणी यांचे पृथक्करण रिचर्ड्स शिकवू लागल्या. याच संस्थेतून 1889 साली पदवी घेतलेले जॉर्ज व्हिपल त्याच वर्षी बॉस्टनच्या जलपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. 1913 मध्ये तंत्रसंस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ यांनी आरोग्याधिकाऱ्यांसाठी संयुक्त विद्यालय काढले. त्याच्या संस्थापकांत व्हिपल हेही होते. रिचर्ड्स यांना अकरा वर्षे आणि व्हिपल यांना काही महिनेच लागले, याचे कारण केवळ काळ पालटला हे नव्हे. एक स्त्री होती व दुसरा पुरुष, हा भेदही त्यात होताच. तथापि व्हिपल यांना ज्या प्रकारची जागा मिळाली, त्या प्रकारच्या जागांची आवश्यकता शासनाला व नगरसंस्थांना पटविण्यात रिचर्ड्स यांच्या आकड्यांचा वाटा मोठा होता.

1910 मध्ये स्मिथ महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढल्याच वर्षी, 30 मार्च 1911 रोजी, त्यांचे निधन झाले. 1884 मध्ये मिळालेले अध्यापकपद अखेरपर्यंत तसेच राहिले. प्राध्यापकपद त्यांना लाभले नाही. व्यवसायाची उभारणी करणाऱ्याला त्या व्यवसायात योग्य स्थान मिळतेच असे नाही, हे या चरित्रावरून स्पष्ट होते. आज विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला पर्यावरणीय आरोग्याच्या क्षेत्रात पद व वेतन यांची अपेक्षा करता येते. त्या अपेक्षेच्या मुळाशी अकरा वर्षांचे हे बहुतांशी बिनमोलाचे काम आहे.