नेव्हिल कार्डस : पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

क्रिकेटच्या दैनंदिन वृत्तांताला साहित्याची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या लेखकांत सर नेव्हिल कार्डस यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. तथापि, १९२० च्या दशकातील तरुण कार्डस आणि १९६० च्या दशकातील वृद्ध कार्डस यांच्या लेखनात मोठे अंतर आहे. वार्ताहराने घडले तेवढेच सांगावे की जाणवले तेही सांगावे, हा क्रीडापत्रकारितेतील जुना प्रश्न या दोन टप्प्यांची तुलना करताना पुन्हा समोर येतो.

मैदानावरचा वार्ताहर

मँचेस्टरमधील सामान्य घरात वाढलेल्या कार्डस यांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले. उरलेले त्यांनी सार्वजनिक वाचनालयात स्वतःच पुरे केले. १९१२ मध्ये ते श्रूजबरी येथील शाळेत क्रिकेटचे सहायक प्रशिक्षक झाले आणि १९१७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये रुजू झाले. १९१९ मध्ये आजारातून उठल्यावर हवापालट म्हणून त्यांना ओल्ड ट्रॅफर्डवर सामन्याचे वार्तांकन करण्यास पाठविण्यात आले. पुढे 'क्रिकेटर' या टोपणनावाने त्यांनी दोन महायुद्धांदरम्यान सुमारे २० लाख शब्द लिहिले.

ऑगस्ट १९२१ मधील ईस्टबोर्नचा सामना त्यांच्या ख्यातीस कारणीभूत ठरला. वॉरविक आर्मस्ट्राँग यांच्या बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघासमोर ४९ वर्षांच्या आर्ची मॅक्लारेन यांचा संघ पहिल्या डावात अवघ्या ४३ धावांत गारद झाला. तरीही अखेर त्याने २८ धावांनी विजय मिळविला. बालपणापासूनचे दैवत असलेल्या मॅक्लारेन यांच्यासाठी कार्डस मुद्दाम तेथे गेले होते.

'डेज इन द सन' (१९२४) सारख्या आरंभीच्या पुस्तकांतील भाषा अलंकारांनी ओथंबलेली आहे. उपमांची गर्दी कधी कधी खेळावर मात करते. परंतु त्या भाषेमागे दिवसभर मैदानावर खिळलेली नजर आहे. दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळात हा वृत्तांत हेच वाचकाचे डोळे होते.

सत्य आणि कल्पित

याच काळातील एक आक्षेप मात्र गंभीर आहे. यॉर्कशायरच्या इमट रॉबिन्सन यांच्यासारख्या खेळाडूंच्या तोंडी कार्डस यांनी स्वतः रचलेली वाक्ये घातली. उतारवयात त्यांनी हे लपविले नाही. व्यक्तीचा स्वभाव उलगडण्यासाठी ते आवश्यक होते, असे समर्थन केले. ललित लेखनात हे समर्थन मान्य होईल. वृत्तपत्रातील बातमीत होणार नाही.

संयमाचा काळ

१९२७ मध्ये त्यांच्याकडे 'गार्डियन'च्या प्रमुख संगीत समीक्षकाची जबाबदारी आली. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात संगीत असा क्रम सुरू झाला. १९३० च्या दशकात त्यांची वाक्ये आटोपशीर झाली. १९३६-३७ च्या मालिकेवरील 'ऑस्ट्रेलियन समर' (१९३७) मध्ये जुना उत्साह आणि नवा संयम एकत्र भेटतात. त्यांच्या क्रिकेटलेखनाचा हाच सर्वोत्तम टप्पा म्हणता येईल.

आठवणींचा लेखक

१९४० मध्ये ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले 'ऑटोबायोग्राफी' हे त्यांच्या प्रौढ गद्याचा उत्कृष्ट नमुना आहे. त्यानंतर मात्र रोजचे वार्तांकन मागे पडले. १९६३ च्या 'विस्डेन'मधील सहा महान खेळाडूंवरील त्यांच्या लेखात ग्रेस, ट्रम्पर, बार्न्स पुन्हा उभे राहतात. भाषा निवळलेली आहे, पण नजर मागे वळलेली आहे. समकालीन खेळाविषयी तक्रारीचा सूर वाढत गेला.

सी. एल. आर. जेम्स यांनी 'बियाँड अ बाउंड्री' (१९६३) मध्ये नेमके वर्म दाखविले : कार्डस क्रिकेटवर लिहिताना संगीत आणतात; संगीतावर लिहिताना क्रिकेट कधीच आणत नाहीत. क्रिकेटला कला म्हणणाऱ्या लेखकाचाही त्यावर पुरता विश्वास नव्हता, असा याचा अर्थ.

१९६७ मध्ये 'सर' किताब मिळालेल्या कार्डस यांचे २८ फेब्रुवारी १९७५ रोजी निधन झाले. भाषेची परिपक्वता उत्तरार्धात अधिक आहे, हे निर्विवाद. पण संध्याकाळच्या तारेची घाई, समोरचा खेळ आणि आपले सारे वाचन पणाला लावण्याची धडपड पूर्वार्धातच आढळते. नव्या वाचकाने सुरुवात तेथूनच करावी. अवतरणचिन्हांतील वाक्यांकडे मात्र सावधपणे पाहावे.