सल्लामसलतीचे वर्तुळ

'पेच पडला तर एकट्याने निर्णय घेऊ नका, सल्ला घ्या' हे वचन समुपदेशनाच्या नीतिशास्त्रात आज इतके रूढ झाले आहे की, त्यामागचा इतिहास सहसा कोणी तपासत नाही. सल्ल्याने निर्णय अधिक नैतिक होतो, हे त्यातले गृहीतक. त्याची कसोटी पाहायची तर १९६९ सालच्या बर्कलीकडे वळावे लागते, असे आम्हांला वाटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉवेल मेमोरियल रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स मूर यांच्याकडे भारतातून आलेला एक विद्यार्थी उपचार घेत होता. २० ऑगस्ट १९६९ रोजी त्याने एका मुलीचा खून करण्याचा मनोदय बोलून दाखवला. नाव त्याने घेतले नाही, पण ती तातियाना तारासॉफ हे सहज कळण्याजोगे होते. ती त्या वेळी ब्राझीलला गेली होती. मूर यांनी स्टुअर्ट गोल्ड आणि जेम्स यँडेल या दोन मानसोपचारतज्ज्ञांशी विचारविनिमय केला. रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे यावर तिघांचे एकमत झाले आणि विद्यापीठाच्या पोलिसांना कळवण्यात आले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. पण तो भानावर आहे असे वाटून, तिच्यापासून दूर राहण्याचे वचन घेऊन सोडून दिले. पुढे विभागप्रमुख हार्वे पॉवेलसन यांनी मूर यांचे पत्र परत मागवले, त्याच्या प्रती व टिपणे नष्ट करण्यास सांगितले आणि पुढील कारवाई थांबवली, असे दाव्यात नमूद आहे. २७ ऑक्टोबर रोजी तातियानाचा खून झाला.

या प्रकरणात सल्ल्याची उणीव नव्हती, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. बरोबरीच्या सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेने मूर यांचा विवेक बळकट केला. वरिष्ठाच्या आज्ञेने तो निष्प्रभ झाला. पहिला सल्ला होता, दुसरा हुकूम. आणि या साऱ्या विचारविनिमयाच्या वर्तुळाबाहेर राहिली ती एकच व्यक्ती, जिच्या जिवाचा प्रश्न होता. तिला वा तिच्या आईवडिलांना कोणीही काही कळवले नाही.

आईवडिलांच्या दाव्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सावध करण्याचे कर्तव्य सांगितले. फेरसुनावणीनंतर १९७६ साली न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांनी ते संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी दक्षता घेण्याचे कर्तव्य म्हणून मांडले. गोपनीयता ढळली तर उपचारच अशक्य होतील, हा न्यायमूर्ती विल्यम क्लार्क यांचा भिन्न मतही तितकाच विचारार्ह होता.

पुढील काळात या विषयाची मांडणी दोन वाटांनी झाली. कॅरेन किचनर यांनी १९८४ साली स्वायत्तता, हितसाधन, अहित टाळणे, न्याय आणि निष्ठा या पाच तत्त्वांच्या आधारे निर्णयाचे चिकित्सक परीक्षण सुचवले. तेथे केंद्रस्थानी विचार करणारी व्यक्ती आहे. रोक्को कॉटोन यांनी २००१ साली उलट भूमिका घेतली : निर्णय एकट्याच्या मनात होत नाही, तो माणसामाणसांतील देवाणघेवाणीत, वाटाघाटीत घडतो. या दृष्टीने सल्ला ही निर्णयाची पुरवणी राहत नाही; निर्णय त्यातूनच आकार घेतो.

कॉटोन यांचे म्हणणे आम्हांला पटते, पण बर्कलीचा दाखला त्याला एक अट घालतो. देवाणघेवाण कोणाकोणात आणि कोणत्या नात्याने होते, यावर निर्णयाचा कस ठरतो. प्रशिक्षणार्थीचा सल्लागार हाच बहुधा त्याचा मूल्यमापकही असतो. अशा वेळी सल्ला मागणे आणि संमती मिळवणे यांतील सीमारेषा पुसट होते; 'सरांना विचारले होते' एवढ्या वाक्यावर जबाबदारी उतरवून ठेवता येते. द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नावर जाणते कमी नव्हते. धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून भीष्मांनी निर्णय टाळला, आणि बोलला तो वयाने लहान विकर्ण.

म्हणून प्रशिक्षणार्थीला सल्ला घेण्यास शिकवताना आणखी दोन गोष्टी शिकवाव्या लागतील : वरिष्ठाशी असहमती कशी नोंदवावी, आणि या चर्चेत कोणाचा आवाज नाही, हे दर वेळी कसे विचारावे. तातियानाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.